एकाच पुस्तकाच्या दोन चिठ्ठ्या

विजूताई, आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे आणि मला ते तसं ठेवता येत नाही.

तुझ्या तेराव्याला पोलादपूरला आले होते. पंगतीत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. शांत होती, मनमिळाऊ होती, कधी कुणाला दुखावलं नाही. मी मान डोलावत ऐकत होते आणि आतून चिडत होते. शांत? तू? महाडच्या वाचनालयात एका टेबलाशी बसून आपण दोघींनी पुस्तकांना विषय दिले, कुठलं कुठल्या कपाटात जाईल ते ठरवलं, तेवढ्या वर्षांत तू माझं एकही म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं नाहीस. पण तेराव्याला असं बोलत नाहीत, म्हणून मी आणखी एक वाटी आमटी घेतली.

निघताना तुझ्या यजमानांनी विचारलं, तिचं काही राहिलंय का तिकडे? त्यांना डबा, छत्री असं काहीतरी म्हणायचं असणार. मी नाही म्हणून मोकळी झाले. एसटी सुटल्यावर आठवलं की छत्री खरंच खुंटीला आहे. आणून द्यायला हवी. अजून दिली नाही.

त्या दिवसापासून माझं एका जागी बसणं होत नाही. पुस्तक उघडते, शीर्षकाचं पान बघते, अनुक्रमणिका बघते, पेन्सिल उचलते आणि उठते. कपाटं पुसते. पुसलेलीच पुन्हा पुसते. परवा तर दुपारी स्टँडवर गेले आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीत चढून बसले. तिकडे माझं कुणी नाही, कामही नाही. पोलादपूर आलं तशी उतरले, तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि मिळेल त्या गाडीने परत आले. कुठे गेला होतात, असं वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलं. मी म्हटलं, कामाला.

ते कार्यवाहच आधी सांगते, म्हणजे मी का पेटले आहे ते तुला कळेल. तू गेलीस त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. वाईट वाटल्याचं बोलले, आणि ते खरंच वाईट वाटून बोलत होते, तेवढं मला कळतं. मग म्हणाले, पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या तालिकाकाराची दुसरी जागा पुराच्या वेळी काढलेली होती. खालचे सगळे कप्पे चिखलात गेले, नंतर मुंबई-पुण्याहून पुस्तकांची खोकीच्या खोकी आली, तेव्हा एकटीच्याने होण्यासारखं नव्हतं. आता तो ढीग उपसून झाला. शिवाय तुमच्या दोघींच्याच संशोधनात आलंय की दोघी एकाच पुस्तकाला जवळजवळ सारखाच विषय देता. मग दुसरी जागा भरायची कशाला? तेरावं झालं की रविवारी सभेत हा विषय घेऊ, तोवर तुम्ही तुमचा शेवटचा निष्कर्ष तयार ठेवा.

मी उठून बाहेर आले.  आपणच हौसेने केलेल्या उद्योगाने तुझी खुर्ची उचलायला निघाले होते. आणि तो निष्कर्ष, ज्याच्यावरून आपण भांडलो, तो माझ्या एकटीच्या गळ्यात होता.

आठवतंय का गं हे सुरू कसं झालं? बिरवाडीकडच्या त्या बाई. त्यांना मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक हवं होतं. मी शेतीत शोधलं, नाही सापडलं, नाही म्हणून सांगितलं. पुन्हा आल्या, मी पुन्हा शोधलं, पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला खिडकीवर तू होतीस. तू सरळ जोडधंद्यांच्या कपाटाशी गेलीस आणि पुस्तक काढून हातात ठेवलंस, कारण तिथे ठेवणारी तूच होतीस. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी दोघी एकमेकींशी बोलत नाय काय?"

मला तो टोमणा झोंबला. तुला त्यात प्रश्न दिसला. तू कुठल्याशा शिबिरात ऐकून आली होतीस की मोठ्या ग्रंथालयांत असं तपासून बघतात, एकच पुस्तक दोन तालिकाकारांना द्यायचं, एकमेकांना न दाखवता विषय लिहायला लावायचा आणि किती जुळतं ते पाहायचं. आपणही करू म्हणालीस. मी म्हटलं, आपण दोघी, एक टेबल, एक पंखा, कसलं संशोधन? तू दुसऱ्या दिवशी घरून बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आलीस आणि झाकणाला फट पाडलीस. झालं, सुरुवात झाली.

पुस्तक आलं की आधी एकीने बघायचं, चिठ्ठीवर विषय लिहून डब्यात टाकायचा, मग दुसरीने. महिनाअखेरीला डबा उघडायचा. तोवर त्या पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. हा शेवटचा नियम तुझाच होता आणि तुझ्याच जिवावर यायचा. पुस्तक समोर ठेवून तू कशेडी घाटात अडकलेल्या ट्रकबद्दल बोलायचीस, भावाला चिपळूणहून यायला किती उशीर झाला ते सांगायचीस, बाजारात मासळीत कोलीम आलंय म्हणायचीस, आणि नजर सगळी पुस्तकावर. मला इतकं हसू यायचं.

पहिल्या काही महिन्यांत आपलं काहीच जुळेना. मी पुस्तक काय सांगतं ते बघणारी. तू ते पुस्तक मागायला कोण येईल ते बघणारी. दोरखंड वळण्यावरचं पुस्तक मी हस्तव्यवसायात टाकलं, तू मासेमारीत, कारण दोर विचारायला आपल्याकडे खाडीकाठचेच येतात म्हणालीस. मी म्हटलं, उद्या डोंगरावरचा कुणी गुरं बांधायला दोर हवा म्हणून आला तर? तू म्हणालीस, तो पुस्तक वाचून दोर वळणार नाय. रागावलीस की तुझ्या 'नाही'चं 'नाय' व्हायचं. एरवी तू अगदी पुस्तकी बोलायचीस, पण आवाज चढला की माहेरची वाडी खाली उतरून यायची.

मग हळूहळू जुळायला लागलं. दर महिन्याला जास्त जुळायचं. आपण दोघी खूश. वार्षिक सभेत मी अर्धा अहवाल वाचून दाखवला, नियम नीट पाळले की दोन वेगळी माणसंही एकाच जागी पोचतात, असं त्यात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मागच्या रांगेत बसून पदराने घाम पुसत होतीस आणि मला खूण करत होतीस, सावकाश वाच, सावकाश.

आणि मग तो महिना आला. डबा उघडला तर एकही जोडी जुळेना. एकही नाही. मला वाटलं चिठ्ठ्या कुणीतरी मिसळल्या. त्यात ती पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका होती, पोलादपुरावरच्या डोंगरातल्या एका आजोबांची. त्यांच्या मुलाने मुंबईत छापून आणलेली. अर्ध्या भागात त्यांच्या वाडीची हकिगत, दरड आल्यावर वाडी खाली कशी हलली ते. उरलेल्या अर्ध्यात म्हशींचे आजार आणि त्यांवरचे उपाय. मी चिठ्ठी उलगडली. 'पोलादपूर तालुका – इतिहास.' दुसरी तू उलगडलीस. 'गुरांचे आजार.' आपण एकमेकींकडे बघितलं. कारण इतिहास तुझ्या अक्षरात होता आणि गुरं माझ्या.

मग बाकीच्या बघितल्या. सगळ्या तशाच. मी तुझ्या डोक्याने लिहिलं होतं आणि तू माझ्या. मला आठवलं, ती पुस्तिका हातात घेतल्यावर मी मनात म्हटलं होतं, विजूताई गुरंच म्हणेल, आणि तिचंही बरोबर आहे म्हणा. तूही म्हणालीस, मला वाटलं माधुरी इतिहास म्हणणार, तर जाऊ दे, इतिहासच लिहू. आपण किती हसलो. खिडकीवर माणूस उभा होता, त्याला काय झालं ते कळेना, तोही हसायला लागला. चहा गार झाला.

मग तुझं हसणं थांबलं. तू डब्यातल्या आधीच्या महिन्यांच्या चिठ्ठ्या काढून बघायला लागलीस. म्हणालीस, म्हणजे आधी जुळत होतं ते तरी कशामुळे? कधी मी तुझ्याकडे कलले, कधी तू माझ्याकडे, म्हणून जुळलं. नियमाने जुळलं नाही. या महिन्यात दोघी एकदम कललो, म्हणून फसलं. सगळंच फसलेलं आहे.

मला ते मान्य नव्हतं. फसलं कसं? उलट हेच सापडलं. दोन माणसं शेजारी बसली की एकीला दुसरीचा वाचक दिसायला लागतो. यापेक्षा मोठा निष्कर्ष कुठला हवा? तू मान हलवत होतीस. ते मोजलेलं नाही, ती नुसती सवय आहे म्हणालीस. दोन वेगळी टेबलं, वेगळ्या खोल्या, पहिल्यापासून सुरुवात. इतक्या महिन्यांचं काम तू एका दुपारी फेकायला निघालीस, आणि मला वाटलं की तू डब्यातल्या चिठ्ठ्याच नाही तर आणखीही काहीतरी फेकते आहेस. तेव्हा तसं बोलता आलं नाही.

निदान त्या पुस्तिकेचा तरी निकाल लावू, म्हणून आपण आजोबांना भेटायला गेलो. तूच काढलीस ती टूम. रिक्षा पायथ्याशी थांबली आणि पुढे चढ. तू माझ्यापेक्षा मोठी, तरी पुढे, आणि मी दर वळणावर थांबत होते. आजोबा गोठ्यातच होते. तू त्यांना विचारलंस, बाबा, पुस्तक कुणासाठी लिहिलंत? त्यांनी विचार केला.

"ज्याची म्हस अडली आसंल त्याला," म्हणाले. तू माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलंस. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आन आमची वाडी वर हुती, ह्ये नातवांना कळाया नको? त्ये समदे मुंबयला हायत."

आता मी तुझ्याकडे बघितलं. आपण दोघींनी मिळून त्यांना विचारलं, मग पुस्तक ठेवायचं कुठल्या कपाटात? आजोबा वैतागले. "त्ये तुमी बगा रे बायांनो. मला काय त्यातलं कळत नाय," असं म्हणून ते म्हशीला पाणी पाजायला उठले. त्यांच्या बायकोने आपल्याला बिनदुधाचा चहा दिला, घरात चार म्हशी असून. दूध सगळं डेअरीला जातं म्हणाल्या. उतरताना तू पाय घसरून बसलीस आणि मी हात दिला तर म्हणालीस, राहू दे, तू मला पाडशील. ताई, तो दिवस किती चांगला होता. काहीच ठरलं नाही आणि किती चांगला होता.

त्यानंतरच्या गुरुवारी मात्र आपण खरंच भांडलो. अहवाल पुरा करायचा होता. मी माझा निष्कर्ष लिहून आणला होता आणि खाली दोघींची नावं टाकली होती. तू तो वाचलास, पेन्सिलीने तुझ्या नावावर रेघ मारलीस. मी म्हटलं, हे काय? तू म्हणालीस, मी यावर सही करणार नाय. मग तू ते वाक्य बोललीस, जे मी पुन्हा पुन्हा ऐकते आहे. "तुला आवडतं म्हणून ते खरं होत नाय, माधुरी."

मीही ऐकून घेणारी नव्हते. तुला आवडत नाही म्हणून खोटंही होत नाही, म्हणाले. तू पिशवी उचललीस. दारातून म्हणालीस, उद्या बघू गो, गाडी जाईल. आणि गेलीस. दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासाठी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. टेबल आवरलं होतं. तुझ्या धाकट्या दिराचा फोन आला.

मला तुझा राग येतो, हे सांगू का? लोक मला धीर देतात, चांगलं मरण आलं म्हणतात, त्रास झाला नाही म्हणतात. मला झाला ना. भांडणाच्या मधून असं उठून जातात का? मी रडले ते तू गेलीस म्हणून, आणि तितकीच या रागाने. तुझ्या घरी हॉलभर दोऱ्या बांधून आपण पुरात चिखलाने भरलेली तालिकापत्रं, पुस्तकांच्या नोंदींची ती कार्डं, कपड्यांच्या चिमट्यांना वाळत घातली होती, यजमान म्हणत होते माझे शर्ट कुठे घालू, आणि तू म्हणाली होतीस, अंगावरच वाळवा. तिथे आपली ओळख झाली. त्या हॉलमध्ये तेराव्याची पंगत बघताना मला बसवेना.

आज रविवार. सभा झाली. ते सांगायला बसले आहे.

मी ठरवून गेले होते. माझा निष्कर्ष सांगायचा, की दोघींचं जुळत होतं ते दोघी होतो म्हणून, एकटीचं एकटीशी काय जुळणार? तेव्हा जागा भरलीच पाहिजे. तुझं म्हणणं सांगणं भाग होतं, कारण तुझी सही नाही हे लपवणार नव्हते. पण ते मी दोन वाक्यांत उरकणार होते. भीती अशी, की तुझं म्हणणं सांगितलं, सगळं फसलं असं म्हटलं, तर कार्यवाह म्हणतील, मग प्रश्नच मिटला, फसलेल्या कामासाठी दुसरं माणूस कशाला?

कार्यवाह म्हणाले, निष्कर्ष एका वाक्यात सांगा. मी म्हटलं, एका वाक्यात येणार नाही, दोन निष्कर्ष आहेत. माझा मी वाचला. बरा वाचला. माना हलल्या. मग तुझा सांगायला उभी राहिले तर दोन वाक्यांत संपेना. मला वाटलं, ती इथे नाही, तर मी तिचं पातळ करून सांगणं बरं नव्हे. तू असतीस तर काय काय म्हणाली असतीस ते एकेक आठवायला लागले. म्हटलं, टेबल एकच होतं. चिठ्ठी लिहिताना समोरचीचा चेहरा दिसत होता. आधी कुणी लिहिलं, नंतर कुणी, ते आम्ही कुठे लिहून ठेवलं नाही. मग एक मुद्दा असा आला, जो तू कधी बोलली नव्हतीस, पण तुझाच होता, दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. आम्ही दोघींचं जुळतं का एवढंच बघत बसलो. वाचकाला पुस्तक सापडतं का, हे कुठेच तपासलं नाही. बोलता बोलता मी "नाय" म्हणाले. पुढच्या रांगेतले डॉक्टर हसले. मी थांबले नाही.

मग खाली बसले. खजिनदार म्हणाले, बाईंचं म्हणणं रास्त वाटतं. बाई म्हणजे तू. कार्यवाहांनी कागद बाजूला ठेवले. "म्हणजे हे पहिल्यापासून करावं लागेल," ते म्हणाले. "मग दुसरं माणूस घ्यावंच लागेल." जागा आणखी एक वर्ष ठेवायची ठरली. पुढच्या महिन्यात जाहिरात निघेल. दुसरं टेबल मागच्या खोलीत लावायचं, हेही ठरलं.

मला आनंद झाला, ताई. खोटं कशाला सांगू, खूप झाला. तुझ्या ज्या म्हणण्याला मी घाबरत होते त्यानेच तुझी खुर्ची राखली. सगळे चहाला गेले. मी माझा कागद हातात घेऊन तिथेच बसले आणि तो पुन्हा वाचला, माझाच निष्कर्ष, तुझ्या नावावर तुझी रेघ असलेला. वाक्यं तीच होती. मला ती पटेनात. उभी राहून, सगळ्यांसमोर, तुझी बाजू मांडता मांडता मी तुझ्या बाजूला आले होते. तू भांडण जिंकलीस.

पण माझं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं गं. त्यात काहीतरी होतं. कार्यवाहांना ते सांगून दाखवता येणार नाही, यजमानांना नाही, नव्या येणाऱ्या बाईला तर नाहीच. मलाही आता ते धड मांडता येत नाही. माझी बाजू तुझ्याइतकी चांगली दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.